झाडार माझा नाव खंय?

दिवाळीच्या फराळाला चार पाहुणे जमले, चकल्यांचा पहिला डबा रिकामा झाला, की बहुतेक घरांतून एक विषय हमखास निघतो. आपण मूळचे कुठले? मग कोणी रत्नागिरीकडे बोट दाखवतो, कोणी गोव्याकडे, कोणी थेट नर्मदेपलीकडे. त्यातही एक गंमत आहे. ज्याच्या त्याच्या घराण्याचा मूळपुरुष शूर तरी असतो, नाही तर विद्वान तरी. कोणाला शिवाजी महाराजांनी जमीन दिलेली असते, कोणाला पेशव्यांनी पालखी. माझा खापरपणजा शेजाऱ्याचे नारळ चोरीत असे, असे सांगणारा गृहस्थ मला अद्याप भेटावयाचा आहे. नारळ तर पिढ्यान्‌पिढ्या चोरीला जात आले; मग ते चोरणाऱ्यांचे वंशज गेले तरी कुठे?

वाचकहो, एक साधा प्रयोग करून पाहा. तुमच्या पणजोबांचे नाव सांगा. बहुतेकांना आठवेल, निदान वडीलधाऱ्या माणसांना विचारून सांगता येईल. आता पणजीचे नाव सांगा. इथे गाडी थोडी अडखळते. आता त्या पणजीचे माहेरचे नाव? तिच्या नणंदांची नावे? इथे मात्र चकलीचा तुकडा हातातच राहतो.

याचे कारण आपली स्मरणशक्ती नव्हे. घराण्याची आठवण ठेवण्याची आपली जी साधने आहेत, ती एका विशिष्ट कामासाठी तयार झालेली आहेत, आणि ज्याचे काम नाही त्याचे नाव ती ठेवीत नाहीत. वंशावळ हा रक्ताचा कागद आहे असे आपण समजतो. माझ्या मते तो हक्काचा कागद आहे. रक्त त्यात तेवढेच वाहते, जेवढे हक्काला लागते.

जुने कागद पाहिले की हे चटकन ध्यानात येते. महजर, करिना, कैफियत, तक्रार अशा मथळ्यांच्या शेकडो कागदांत आपल्याकडच्या घराण्यांच्या वंशावळी सापडतात. हे कागद कोणी हौसेने लिहिलेले नाहीत. पाटीलकी माझी की चुलत्याची, देवळातला पहिला नारळ कोणाचा, जोशीपणाचे उत्पन्न कोणी खावे असे भांडण पेटले, की दोन्ही पक्ष आपापली वंशावळ घेऊन पंचांपुढे उभे राहात. पुढे इंग्रजी अंमलात इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला आणि ज्याला म्हणून इनामजमीन टिकवावयाची होती, त्याला मूळ इनामदारापासून आपल्यापर्यंतची साखळी दाखविणे भाग पडले. त्या धांदलीत किती पूर्वज नव्याने जन्माला आले असतील, देव जाणे! पण एरवी विस्मृतीत गेली असती अशी हजारो नावे त्याच धांदलीने कागदावर आणली, हेही खरे.

आता आमच्याच मुलखाचे उदाहरण घेऊ. सावंतवाडीकर भोसल्यांचे घराणे दक्षिण कोकणातले सर्वांत मोठे. त्यांची वंशावळ वाचू लागले की प्रथम डोके गरगरते. सोळाव्या शतकाच्या मध्याला, १५५४ च्या सुमारास, मांग सावंत नावाच्या पुरुषाने विजापूरच्या सत्तेविरुद्ध बंड केले आणि वाडीपासून जवळच्या होडावड्यास ठाणे दिले. त्याच्या मागचे वंशज पुन्हा विजापूरच्या छत्राखाली गेले. मग १६२७ पासून खेम सावंतांचे नाव पुढे येते. तिथून १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंतची यादी अशी: खेम, सोम, लखम, फोंड, पुन्हा खेम, पुन्हा फोंड, रामचंद्र, पुन्हा खेम, पुन्हा रामचंद्र, पुन्हा फोंड, आणखी एक खेम, आणखी एक फोंड, रघुनाथ, श्रीराम, पाचवे खेम आणि शेवटी शिवराम. खेम सावंत पाच, फोंड सावंत चार! पहिला, दुसरा, तिसरा हे आकडे आपण अभ्यासाच्या सोयीसाठी लावलेले. त्या त्या काळी दरबारात प्रत्येक जण नुसता खेम सावंतच. जुन्या कागदावर नुसते 'खेम सावंत' वाचून हा कोणता हे ठरविताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

आजोबांचे नाव नातवाला ठेवावयाचे, ही आपली चाल या घोटाळ्याच्या मुळाशी आहे. गेलेला माणूस घरात परत यावा म्हणून केलेली ती मायेची योजना. पण त्या मायेने संशोधकांची मात्र पंचाईत केली आहे.

शिवाय ही यादी वरून जितकी सरळ दिसते तितकी ती नाही. सोम, लखम आणि फोंड हे तिघे भाऊ, एकामागून एक गादीवर आले. १७०९ साली दुसरे खेम सावंत मुलाशिवाय वारले, तेव्हा पुतण्या आला. त्या पुतण्यामागे गादी मुलाला न मिळता नातवाला मिळाली. आणि १८०३ साली तर धागाच तुटला. तिसरे खेम सावंत म्हणजे या घराण्यातले मोठे नाव. १७६३ मध्ये त्यांचे लग्न जयाप्पा शिंद्यांच्या कन्या लक्ष्मीबाई यांच्याशी झाले. शिंद्यांच्या वजनामुळे दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहादूर' हा किताब घरात आला. म्हणजे घराण्याच्या नावापुढचे सर्वांत भारदस्त बिरुद आले ते सुनेच्या पायगुणाने! पण खेम सावंतांना मुलगा नव्हता. त्यांच्यामागे राज्य कोणाचे या प्रश्नाने दोन वर्षे धुमश्चक्री चालली. १८०५ साली लक्ष्मीबाईंनी रामचंद्र ऊर्फ भाऊसाहेब यांना दत्तक घेतले. दोनतीन वर्षांतच त्या मुलाचा झोपेत गळा दाबून खून झाला. मग फोंड सावंत आले. ते १८१२ साली वारले, तेव्हा पुढचे खेम सावंत आठ वर्षांचे होते, आणि कारभार दुर्गाबाईंनी हाती घेतला.

छापील वंशावळीत हे सगळे कसे दिसते? खेम, खाली एक रेघ, रामचंद्र. पुन्हा एक रेघ, फोंड. पुन्हा रेघ, खेम. रेघा किती शांत असतात पाहा! त्या एका बोटभर रेघेत एक खून आहे, एक दत्तकविधान आहे, आणि ज्यांनी ती रेघ तुटू दिली नाही त्या दोन विधवा आहेत. पण त्या रेघेच्या आत. रेघेच्या टोकाला त्यांची नावे नाहीत.

योगायोग असा, की त्याच १८०३ साली दूर तंजावरात आणखी एक भोसले घराणे आपली वंशावळ दगडावर कोरून घेत होते. शिवाजी महाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी यांचा तो वंश. बृहदीश्वराच्या प्रचंड देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, आणि मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. तो कोरविला दुसऱ्या सरफोजीराजांनी. हे सरफोजी स्वतः तुळजाराजांचे दत्तक पुत्र. त्यांच्या दत्तकविधानावर वाद घातला गेला, गादी त्यांना १७९८ साली कुठे मिळाली, आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राज्य हातात उरले नव्हते आणि रक्तावर प्रश्नचिन्ह लागून गेले होते. अशा माणसाने वंशावळ कागदावर नव्हे, दगडावर लिहविली! मला यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ज्याच्या पायाखालची जमीन हलते, तोच मुळे शोधावयाला निघतो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचे मूळ मेवाडच्या सिसोदियांपर्यंत नेले गेले. त्याच्या खरेखोटेपणावर इतिहासकारांचे वाद झाले, अजूनही होतात. पण त्या क्षणी त्या वंशावळीची गरज होती, याविषयी मात्र दुमत नाही. शिवाजी महाराजांचे कर्तृत्व वंशावळीतून आले नव्हते. जगाला मात्र ते वंशावळीतून आलेले दाखवावे लागले.

हे केवळ आपल्याकडेच असे समजू नये. इंग्रज सरदारांच्या वंशावळींचे मोठमोठे ग्रंथ आहेत. तिकडे सोळाव्या आणि सतराव्या शतकांत राजाचे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून, कोण खरोखर कुलीन आणि कोण उगाच ढालीवर सिंह रंगवून बसला आहे, याची झडती घेत असत. तिथल्या मध्ययुगातले एक घराणे मला फार आठवते. विल्यम मार्शल हा साध्या सरदाराचा धाकटा मुलगा; वाट्याला जमीन आली नाही, म्हणून तलवारीवर पोट भरणारा. ११८९ साली त्याचे लग्न इझाबेल द क्लेअर या वारसकन्येशी झाले आणि तिच्याबरोबर आलेल्या जमीनजुमल्यावर तो इंग्लंडातल्या बड्या उमरावांत जाऊन बसला. पुढे बालराजा तिसरा हेन्री याच्या वतीने त्याने सगळ्या राज्याचा कारभार पाहिला. त्याला पाच मुलगे आणि पाच मुली. १२१९ साली तो वारला, तेव्हा पाच मुलग्यांच्या बापाचा वंश खुंटेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. पण ते पाचही भाऊ एकामागून एक गादीवर बसले आणि एकामागून एक औरस संततीशिवाय मेले. १२४५ साली पाचवाही गेला. मग तिथल्या कायद्याप्रमाणे ती अफाट मालमत्ता पाच बहिणींच्या वारसांत वाटली गेली. पुढच्या कित्येक मोठ्या घराण्यांच्या वंशावळी त्या पाच बहिणींपाशी जाऊन मिळतात.

त्या काळचे इंग्रज बायकांना मोठा मान देत होते, असे मुळीच नाही. मुलगा असेपर्यंत तिथेही मुलीला कोणी विचारीत नसे. आणि मुलग्यांतही थोरला तेवढा धनी, बाकीचे वाऱ्यावर. तिथली वंशावळ माडासारखी, एक सोट खोड वर गेलेले. आपली वडासारखी, भावाभावांचा सारखा वाटा, म्हणून पारंबीला पारंबी. पण तिथे मुलगा नसला तर जमीन मुलीच्या हाती जाई, म्हणून मुलीचे नाव टिपून ठेवावे लागे. आपल्याकडे मुलगा नसला तर दत्तक येई, म्हणून मुलीचे नाव टिपण्याची गरज भासली नाही. जमिनीमागून नाव जाते, ते असे.

आणि आता वालावल. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा अवश्य पाहावे. कुडाळहून कर्ली नदीच्या अंगाने खाली उतरले, की माडापोफळींच्या गर्दीत लक्ष्मीनारायणाचे देऊळ लागते आणि देवळाला लागून तळे. पाणी असे निवळ, की आकाश वर आहे की खाली असा संभ्रम पडावा. कुडाळ प्रांताची देसकी सावंतांच्या आधी कुडाळच्या प्रभूंकडे होती, आणि हे देऊळ गावकरी त्या प्रभूंच्या नावाशी जोडतात. सतराव्या शतकात सावंतांचा जोर वाढला तसे प्रभू मागे पडले. राज्य गेले, देऊळ राहिले.

याच गावात आमचे घर आहे. घर म्हणजे काय, पुढे लोटा, मागे न्हाणी, बाजूला पडवी, आणि या सगळ्याचे धनी मुंबईत! गेल्या वर्षी आमचे थोरले काका वारले. आजोबा १९७४ साली गेले तेव्हापासून सातबारावर एकट्या थोरल्या काकांचेच नाव होते, पुढे 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरे. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. कोकणातल्या वाचकांना हे निराळे सांगावयास नकोच. आता वारसनोंद करावयाची म्हणजे वंशावळ हवी, प्रतिज्ञापत्रावर हवी. घरात मोडी वाचणारी मी एकटी. शिवाय मराठीची प्राध्यापिका म्हणजे जुनेपुराणे सगळे हिच्याच माथी, असा घरातला समज. तेव्हा माझ्या थोरल्या चुलतभावाने, दादाने, माळ्यावरचा एक मोडी कागद माझ्या स्वाधीन केला आणि म्हणाला, "बाय, हेका खालची दोन पिढी जोड आणि टाइप करून दी. चार दिवसाचा काम."

कागद कुठल्याशा बागायतीच्या भांडणातला, शंभरावर वर्षांचा. मी तो लिप्यंतर केला, खालच्या पिढ्या जोडल्या, मोठ्या कागदावर झाड काढले. सात पिढ्या, ३९ पुरुष. मे महिन्यात तो कागद घेऊन वालावलला गेले आणि आतेला वाचून दाखविला.

आते म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. वय ८४. लग्न होऊन परुळ्याला गेली आणि बाविसाव्या वर्षी कुंकू पुसून परत आली. तेव्हापासून त्या घरात ती एकटीच कायमची राहाते आहे. आजोबांचे शेवटचे आजारपण तिने काढले. दर पावसापूर्वी नळे परतून घेतले, शेतसारा भरला, पाडप्याकडून नारळ मोजून घेतले आणि मुंबईला पोती पाठविली. आमच्यापैकी प्रत्येकाच्या लहानपणीच्या सुट्टीत आते आहे. तिने सगळे झाड नीट ऐकून घेतले. दोन ठिकाणी चुलतभावांचा क्रम चुकला होता तो दुरुस्त केला. मग विचारले, "गो बाय, ह्या झाडार माझा नाव खंय आसा?"

मी म्हटले, "आते, मूळ कागदात मुलींची नावं नाहीत."

"मूळ कागद ऱ्हवांदे. तू लिवलंस त्यात?" आणि जरा थांबून, "तुझा तरी आसा काय?"

माझेही नव्हते. ३९ पुरुषांचे झाड काढणारीला त्या झाडावर एक पानही नव्हते!

मग आतेने बोलावयास सुरुवात केली. मोडी कागदात एका पणजचुलत्यापुढे 'निर्वंश' असा शेरा होता. आते हसली. म्हणाली, त्याला चार मुली होत्या. एक वेंगुर्ल्याला दिली, एक पाटला, दोन परुळ्याला. चौघींची नावे तिने सांगितली, माहेरची आणि सासरची दोन्ही. आपल्याकडे लग्नात ताम्हणातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहितात आणि मुलगी एका क्षणात दुसरीच होते. त्यामुळे एकाच बाईचा माग दोन नावांनी काढावा लागतो. अर्धी नाती तिथेच हरवतात. आतेच्या डोक्यात मात्र दोन्ही नावे शेजारीशेजारी होती. त्या 'निर्वंश' माणसाच्या पणतवंडांत शिक्षक आहेत, बोटवाले आहेत, एक तर आमच्याच कॉलेजात शिकून गेलेली. मला पाच बहिणींचा भाऊ तो मार्शल आठवला. त्याच्या बापाला आमच्या कागदाने खुशाल निर्वंश लिहिले असते.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती वाचकांपुढे ठेवते. आपल्या परंपरेत बायकांची नावे कुठेच घेतली जात नाहीत, हे खरे नाही. महालयाच्या श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे घेतात. आईच्या बापाची तीन पिढ्या घेतात. बहीण, मावशी, आणि हो, आत्यासुद्धा! 'पितृष्वसा' या भारदस्त शब्दाने तिला हाक मारून पाणी देतात. म्हणजे स्मरणाच्या यादीत ती आहे, मालमत्तेच्या यादीत नाही. भटजींच्या पोथीला जे जमले, ते आपल्या कागदाला जमले नाही. हे मी आतेला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "मेल्यार माझा नाव घेशीत, तां माका आयकाक येतला काय?"

यावर कोणत्या शास्त्रात उत्तर आहे?

मुंबईला परतल्यावर मी झाड नव्याने काढले. या वेळी मुली घातल्या, जितक्या सापडल्या तितक्या. दादाने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. दादा वाईट माणूस नाही. त्याची अडचण खरी आहे. म्हणाला, "अगो, आता नऊ नावांची चाळीस होतली. आत्यांची मुलं, त्यांची मुलं. एक दुबईला, एक बडोद्याला. उद्या छपरावरचा एक नळा बदलायचा तर चाळीस सह्या? तलाठी फेरफार करता करता रिटायर होईल!" कोकणातल्या पडक्या घरांपैकी किती घरे केवळ सह्यांवाचून पडली आहेत, हे ज्याने पाहिले आहे, त्याला दादाचे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही. शेवटी त्याने हुकमाचे पान टाकले, "आणि आतेला तरी काय हवंय? ती स्वतःच म्हणते, वाटो नको."

हे खरे होते. आते मलाही तसेच म्हणाली होती. "माका वाटो नको गो. माका नाव होया."

यावर मी पुष्कळ विचार केला. ऐकावयास हे वाक्य फार गोड आहे. एखाद्या कथेत घातले तर वाचक डोळे पुसतील. पण 'मला काही नको' हे म्हणावयास आपण मुलींना पाटावर बसता येऊ लागल्यापासून शिकवीत आलो आहो. जेवताना शेवटचा लाडू नको, माहेरी गेल्यावर साडी नको, आणि बाप गेल्यावर वाटा नको. या नकोचा अर्थ काय समजावा? १९५६ चा कायदा झाला, तेव्हापासून बापाच्या हिश्श्यात मुलगी मुलाच्या बरोबरीने वारस आहे. आमचे आजोबा १९७४ साली गेले. म्हणजे आतेचा वाटा त्याच दिवशी पडला. पुढे महाराष्ट्राने १९९४ साली आणि सबंध देशाने २००५ साली मुलीला जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला. बाप २००५ साली हयात असो वा नसो, हा हक्क मुलीला आहेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा इतका पुढे गेला, आणि आमच्या सातबारावर पन्नास वर्षे तीन अक्षरे होती, ए. कु. मॅ.

मी दादाला एवढेच म्हटले, "दादा, आतेला नको असेल तर ती तसे लिहून देईल. पण द्यावयाला आधी हातात असावे लागते की नाही? तिचे नाव चढव, मग तिला विचार. नाव असताना तिने सोडले तर ते तिचे दान. नाव न लिहिताच आपण ठेवून घेतले, तर त्याला काय म्हणावयाचे, ते तूच सांग."

दादा पुष्कळ वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तिचं माहेरचं नाव घालूया की सासरचं?"

दोन्ही घातली. प्रतिज्ञापत्र झाले, सर्व मुलींसकट. नोंदीचे काम चालू आहे. दादाच्या भविष्याप्रमाणे ते सावकाशच चालले आहे. हक्कसोडीचा मसुदा दादाने वकिलाकडून करवून वालावलला धाडला आहे, आणि आतेला कुडाळला नोंदणीच्या कचेरीत नेण्यासाठी गाडीही ठरवून ठेवली आहे. या गोष्टीला चार महिने झाले. आतेचे अजून वाचून व्हावयाचे आहे. फोन केला की म्हणते, "चष्मो गावाक नाय."

चष्मा तिच्या नाकावर असतो, हे मला पक्के ठाऊक आहे! ती सही करील की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि विचारणारही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यानेच एक कागद तिच्या सहीवाचून अडला आहे. तो काही दिवस तसाच अडलेला बरा.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत चार माणसे जमलीच आहेत, तर एक काम करा. एक मोठा कागद घ्या आणि घराण्याचे झाड काढा. जातपडताळणीला, वारसनोंदीला कधी ना कधी ते लागणार आहेच. पण त्याआधी, निवांतपणी काढा. भांडणाच्या दिवशी काढलेल्या झाडावर फक्त दावेदार बसतात. पुरुषमंडळी गावांची आणि पदव्यांची नावे सांगतील, ती लिहून घ्या. पण विचारावयास सुरुवात घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून करा. तिला बारशी आठवतात, बाळंतपणे आठवतात, कोण कोणत्या पावसात गेले ते आठवते. प्रत्येक बाईची दोन्ही नावे लिहा. जे कोणी सांगितले त्याचे नाव कडेला टिपून ठेवा. जिथे ठाऊक नाही तिथे जागा कोरी सोडा. उगाच मेवाडपर्यंत जाऊ नका. आणि निर्वंश हा शब्द लिहिण्यापूर्वी त्या घरात मुली होत्या का, एवढे विचारा.

सावंतवाडीचा गंजिफा अनेकांनी पाहिला असेल. दशावतारी गंजिफ्यात दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, अशी १२० गोल पाने. दर रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. विलायती पत्त्यांत राणी असते. गंजिफ्यात राणीचे पान नाही. आणि ही कला मरणपंथाला लागली, तेव्हा ती राजवाड्यात पुन्हा उभी करण्यासाठी झटल्या त्या सावंतवाडीच्या राजमाता सत्त्वशीलादेवी. २०१८ साली त्या वारल्या. आजही त्या राजवाड्यात कारागीर गंजिफ्याची पाने रंगवीत बसतात. राजा रंगवितात, प्रधान रंगवितात. राणीचे पान अजूनही नाही.

खेळाचे नियम बदलता येत नाहीत हे मला मान्य आहे. वंशावळीचे येतात. दिवाळीच्या शुभेच्छा!